वीस-पन्नास सांगायचं राहून गेलं

मिस्त्रींच्या वर्षश्राद्धाला सगळ्यात आधी आली ती मेलेली गाडी.

टेम्पोत चढून. दोरखंडाने बांधून.

भावकी अजून नसरापूरच्या पुढे सरकली नव्हती. थोरल्या जाऊबाई तर फोनवर "ह्ये काय, वाटंतच हाये" म्हणत होत्या आणि मागून टीव्हीचा आवाज येत होता.
आणि हे भोरचे डॉक्टर बघा. आठच्या ठोक्याला विंझरात, आमच्या गॅरेजपुढे हजर. सोबत त्यांची लेक मुक्ता, नव्या लग्नाचा हिरवा चुडा घालून.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पिठाच्या हातानेच बाहेर पळाले.

"या या डॉक्टर! आदी च्या घ्या."

"वहिनी, चहा नको. आधी गाडी बघा."

तुमच्यातल्या काहींना माहीत नसेल म्हणून सांगते. मिस्त्री म्हणजे आमचे मालक, संतोषचे आण्णा. गॅरेज त्यांचंच. आता आमचा मुलगा संतोष बघतो, पण त्याच्याकडे मोटरसायकलीच जास्त.

आणि ही गाडी म्हणजे डॉक्टरांच्या वडलांनी घेतलेली स्पोर्ट्स कार. लाल. दोघांचीच. वर टप नाही.
मी एकदा बसलेय, मार्गासनीपर्यंत. जमिनीवर बसून पळतोय असं वाटतं. पदर दातात धरला होता मी, आणि मिस्त्री हसून हसून बेजार.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण तेलाचं मला कळतं. कारण मिस्त्री गाडीखाली शिरले की उजेडाला बॅटरी धरायला मीच.

तेल दोन बोटांत चोळायचे आणि मला सांगायचे,
"इंजान जुनं झालं की आतल्या फटी वाढत्यात. पातळ त्याल निसटून जातं, ठरत न्हाई. लई जाड घातलं तर थंडीत सकाळी वर चढायला येळ लावतं, तवर लोखंडावर लोखंड घासतंय."

कालवणासारखंच की ते. पातळ झालं तर भाकरीवर थांबत नाही, घट्ट झालं तर पळीतून सुटत नाही.

डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंड इंजिनाचा, दुसरा तापलेल्याचा. लाल गाडीला वीस-पन्नास.
नव्या गाड्यांचं ते पाच-तीस तिला चालायचं नाही. कितीही भारी असू दे.

गेल्या श्रावणात दवाखान्यात, नाकात नळी असताना, मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी माझ्याबद्दल बोलतील.

"डाक्टरास्नी सांग. वीस-पन्नास. न्हायतर कुनीतरी शाना भारीतलं पातळ घालंल."

"व्हय, सांगते," म्हटलं.

शेवटचं तेवढंच मागितलं माणसाने.

मी सांगितलं नाही.

विसरले नव्हते. पण मुक्ताचं लग्न ठरलं. आणि आमच्यात दुखवट्याच्या घरातल्या बाईने वर्ष होईपर्यंत लगीनघरी आपण होऊन तोंड दाखवायचं नाही, फोनसुद्धा नाही. सासूबाईंनी घालून दिलेलं.

संतोषला म्हटलं, तू सांग. तर म्हणे, "आई, तीस वरीस वापरत्यात गाडी. त्यास्नी ठावं नसंल व्हय?"

पत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी खाली "वीस पन्नास" एवढं टाईप केलं.

पुसून टाकलं.

म्हटलं लग्न होऊ दे. नाट नको लागायला पोरीला.

पुढचं मुक्ताने सांगितलं.
जावईबापूंनी वरातीसाठी गाडी हौसेने पुण्याला पॉलिशला नेली. तिथल्या मोठ्या गॅरेजवाल्याने विचारलं, तेल कुठलं? हे म्हणाले, तुमच्याकडचं बेस्ट टाका.

पातळ पडलं.

आणि मग मे महिन्यातलं ऊन, भोरची वरात, दोन तास. पुढे डीजे, मागे मुंगीच्या पावलाने गाडी.

"दिवा लागला न्हाई का गं? त्याल कमी पोचलं की लाल दिवा लागतो म्होरं."

"लागला ना काकू. पण ह्यांनी गाडीभर लाइटिंग केलेलं. मला वाटलं त्यातलाच एक."

इंजिन आतून ठोकत असणारच. डीजेपुढे कुणाला ऐकू येणार? बंद पडली तर पोरं ढकलत ढकलत नाचली म्हणे. तेव्हापासून उभीच.

संतोषने खालचा नट काढून तेल तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं.
जरीसारखं चमकत होतं. आतलं बेअरिंग झिजून तेलात उतरलेलं.

"काय रं?"

"संपलं आई. शाफ्टबी खरवडलाय. ह्याचे पार्ट आता कुठंच न्हाईत. आण्णांनी कायतरी जुळवलं असतं. मला न्हाई जमायचं."

तेव्हा मी डॉक्टरांपुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं. दवाखान्यातलं, पुसलेल्या मेसेजचं.

डॉक्टर टायरवर बसले.

मग म्हणाले, "वहिनी, तीस वर्षांत मी तो डबा कधी बघितला नाही. मिस्त्री आहेत म्हटल्यावर कशाला बघतोय? जावयाने गाडी नेली तेव्हा वाटलं, तुम्हाला फोन करून विचारावं. पण माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि मी तेल विचारू? बरं दिसेना."

दोन्हीकडे फोन हातात होता, बघा.

मुक्ता म्हणाली, "म्हणजे मला नाट लागू नये म्हणून तुम्ही थांबलात?" हसायला लागली. हसता हसता रडली.

तेवढ्यात जाऊबाई पोचल्या, साडेअकराला. पहिलं वाक्य, "श्राद्धाला गाडी कोन आणतंय गं?"

जेवणं झाली. डॉक्टरांनी खीर दोनदा मागून घेतली. मला बरं वाटलं.

गाडी इथेच ठेवून गेलेत. भंगारात घालायला त्यांचा जीव होत नाही. आणि चालू करणारा माणूस आमच्याकडे नाही. संतोषने वर ताडपत्री टाकलीय. ती आता तशीच राहणार, हे मला दिसतंय.

मिस्त्री, तुमचा एवढा एकच निरोप होता. माझ्या हातून पोचला नाही.
जिथे असाल तिथे सुखात राहा. वर्ष झालं, आता आम्ही हात जोडतो.

डॉक्टर आणि मुक्ता खंडेनवमीला येतो म्हणालेत. गाडीला हार घालायला.