सुमनचे खांदे

मैदानावर शाळेच्या मुलींचा खो-खो बघत उभा होतो. पाठीवर खो मिळूनही एक मुलगी उठलीच नाही. बाई ओरडल्या नाहीत; शेजारी उकिडव्या बसून काहीतरी हळूच बोलल्या. पुढच्या खोला ती सुसाट सुटली.

खेळाचा शिक्षक असताना मी सगळ्यांवर सारखाच ओरडायचो. शिस्त म्हणायचो त्याला! त्या आवाजाने वैशाली पेटून धावायची, सुमनचे मात्र पाय जागीच खिळायचे. दोघींची मनं वेगळी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सुमनला आळशी ठरवून संघातून काढलं.

"सर, मी सुमन. ओळखलंत? ती आत्ता सुटली ना, ती माझी मुलगी."

मागे चाळिशीतली एक स्त्री हसत उभी होती.

"छान पळते," मी जमेल तितक्या हळू म्हणालो.

तरी तिने खांदे आखडून घेतले.