मागच्या क्रॉसचं ग्रीस

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते — पण हळहळायला नाही, आणि 'जाऊ द्या, होतं असं' म्हणायलाही नाही. तसं कोणी म्हटलेलं मला खपणार नाही.

नवेगाव बांधच्या बाजूला आमचं गाव. आमच्या बचत गटाला ट्रॅक्टर अन् भाताच्या बांधीत चिखल करायचा रोटाव्हेटर मिळाला, तेव्हा पानठेल्यावरची माणसं हसली होती — आता बाया चिखल करतील म्हणे. चालवायला आम्ही भोजराजला ठेवलं. पण ग्रीस मी देईन, असं मी बैठकीत ठासून सांगितलं. का नाही देणार? ग्रीसगन काय पुरुषांनाच दाबता येते?

ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला पोचवणारा शाफ्ट असतो, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. क्रॉस म्हणजे सांधाच, गुडघ्यासारखा. त्याला आठ तासांनी ग्रीस द्या, असं रोटाव्हेटरवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. भोजराज पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, चिखलात आठ तास नाई चालत. पाणी ग्रीस धुऊन नेते. दोनदा द्या, सकारी अन् दुपारी."

मला राग आला. हा कोण मला शिकवणारा? पट्टीवर लिहिलंय तेवढंच देईन, म्हटलं.

आणि तेवढं तरी दिलं का?

पुढचा क्रॉस नीट ग्रीस घ्यायचा, चारही बाजूंनी ताजं ग्रीस बाहेर दिसायचं. मागच्या क्रॉसचा निपल — गनचं तोंड जिथे बसतं तो — मात्र चिखलाने बुजला होता. गन दाबली की ग्रीस आत न जाता बाहेरच ओघळायचं. भोजराज दहा पावलांवर डिझेल भरत होता. एक हाक मारली असती, तर त्याने तारेने भोक मोकळं करून दिलं असतं. नाही मारली. ओघळलेलं ग्रीस बोटाने क्रॉसवर सारखं केलं. वरून अगदी झकास दिसत होतं. मग पंधरा दिवस रोज तेच केलं.

सोळाव्या दिवशी भर बांधीत शाफ्ट तुटला. कोणाला लागलं नाही. पण ऐन रोवणीत ट्रॅक्टर उभा राहिला, रोवायच्या रोपांचे पऱ्हे वाढत चालले, बाया चिडल्या. विहाराच्या ओट्यावर बैठक बसली — चूक कोणाची? भोजराजने रोटाव्हेटर सुरू करायचा लिवर झटक्यात टाकला, म्हणून शाफ्ट तुटला, असं मीच म्हणाले. कोणी विचारायच्या आधी.

तुटलेला क्रॉस त्याच्या हातात होता. आतून कोरडा ठाक, गंजलेला. बायांना त्यातलं काही कळत नव्हतं. आम्हा दोघांनाच कळत होतं. तो भांडला नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "काकू, मांगचा निपल ग्रीस घेऊन रायला होता का?"

"घेऊन रायला होता," मी म्हटलं.

बस्स, एवढंच. बायांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्याला काढलं. शाफ्ट तोडणारा भोजराज असं नाव पडलं त्याचं. पुढे आमच्या भागात कोणी त्याच्या हाती ट्रॅक्टर दिला नाही. आता तो आमगावच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलतो.

बाईमाणूस, लोक हसतील म्हणून घाबरली असेल — असं माझ्या वतीने बोलू नका. मी घाबरले नव्हते. मला माज होता. पडले तरी नाक वर, ही माझी जातच आहे, आणि आजही ती बदललेली नाही.

आता मी आसपासच्या गावांतल्या बायांना ग्रीस द्यायला शिकवते. चिखलात दिवसातून दोनदा द्या, निपल घेत नसेल तर तारेने साफ करा, नाही जमलं तर हाक मारा, लाजू नका. त्या विचारतात, ताई, तुम्हाला हे कोणी शिकवलं? मी सांगते — कोणी नाही, माझी मीच शिकले.

भोजराजने शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी.