टिटवीच्या घरचं कार्य

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, ती लग्नांची सजावट करते. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं दोन शब्दांचं. काहीही विचारा, टाचण्यांच्या फटीतून उत्तर येतं, "होईल, काका."

माझ्या भाचीचं लग्न कोलशेतला, खाडीकाठच्या मोकळ्या मैदानावर होतं. काम अर्थात तिलाच दिलेलं.

सकाळी स्टेज उभारायच्या जागेवर ती एकदम थबकली. उघड्या जमिनीवर टिटवीची अंडी होती आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

"अगंबाई, लग्नात टिटवी! अपशकुन नुसता," माझी बहीण म्हणाली. "उचल ती अंडी आधी."

तिने तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून हातात घेतल्या. हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"ताई, तिच्यापण घरी कार्यच आहे."

बहिणीने मांडववाल्यांना हाक मारली. स्टेज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. अंड्यांपासून चांगलं लांब, झेंडूच्या कुंड्यांचं मोठं रिंगण झालं. ढोलताशा जाऊन नुसती सनई राहिली. पाहुणे त्या रिंगणाला सजावट समजून फोटो काढत होते, आणि आत टिटवी अंड्यांवर येऊन बसली होती. मंगलाष्टकं सुरू झाली तरी ती हलली नाही.

शेवटचं "सावधान" झालं. सगळ्यांचे हात नवरानवरीकडे गेले. सजावटवाली मात्र स्टेजकडे पाठ करून रिंगणापाशी उभी होती. वाकून तिने मुठीतल्या अक्षता हळूच एका कुंडीपाशी ठेवल्या.

माझ्या अक्षता मुठीतच राहिल्या.