ठरवून केलेली चूक

लाओ रुआनला खोटं बोलता येत नाही. याचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी खुशाल करावं. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून काम केलंय आणि त्याच्या या गुणाचा मला मनापासून वीट आलाय.

आमचा अख्खा विभाग कंपनीने एका सकाळी बंद केला, तेव्हा आम्ही दोघंही बरोबरच रस्त्यावर आलो. मी लवकर शहाणा झालो. सोसायटीच्या फाटकाशी लोकांची कुरियरने आलेली पार्सलं ठेवून घ्यायचं दुकान टाकलं आणि कोड लिहिण्याला रामराम ठोकला. रुआन मात्र ऐकेना. त्याचं वय अडतीस. हांगचौमध्ये आमच्या धंद्यात पस्तिशी उलटली की माणसाकडे कालच्या टोफूसारखं बघतात, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला प्रोग्रॅमरच राहायचं होतं. तिकडे गावी सासऱ्यांची फरशांची वखार होती. हिवाळ्यापर्यंत नोकरी लागली नाही तर जावयाने तिथे गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. त्या वखारीचं नाव काढलं तरी रुआनचा चेहरा पडायचा.

आता मुलाखतीचं सांगतो. आमच्याकडे मुलाखतीला उमेदवाराला पांढऱ्या फळ्यापुढे उभं करतात आणि कोड हाताने लिहायला लावतात. त्यात एक प्रश्न ठरलेला, लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवा. लिंक्ड लिस्ट म्हणजे डब्यांची माळ. प्रत्येक डब्याला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक, बाकी जगाची खबर नाही. माळ उलटी करायची म्हणजे प्रत्येकाला सांगायचं, बाबा रे, आता पुढच्याचा पत्ता सोड आणि मागच्याचा धर. गोम एवढीच, की सोडण्याआधी तो पुढचा पत्ता बाजूला टिपून ठेवावा लागतो. तो टिपायचा राहिला की पुढची सगळी माळ हातची गेली, कुठे गेली ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. प्रत्यक्ष नोकरीत ही माळ उलटी करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, रुआनवरही नाही. पण मुलाखतीत सगळ्यांवर येते. त्यामुळे ती सगळ्यांना पाठ असते, आणि सगळ्यांना पाठ असते हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी उमेदवाराने कपाळाला आठ्या घालायच्या, जन्मात पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा करायचा आणि चाचपडत चाचपडत उत्तरापर्यंत पोचायचं. ही रीत आहे. ती पाळायला कुणाच्या बापाचं काही जात नाही.

रुआन काय करायचा? प्रश्न ऐकला की म्हणायचा, हा मला पाठ आहे, दुसरा विचारा. समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मग तो खुन्नस म्हणून असा प्रश्न काढायचा की रुआनला घाम फुटायचा, आणि “कळवतो” म्हणून बोळवण व्हायची. एकदा नाही, जिथे गेला तिथे हेच.

एक दिवस दुकानात पार्सलांच्या ढिगाशेजारी मी त्याला धरलाच. विचारलं, “कुणाच्या घरी गेलास आणि जेवायला बस म्हणाले, तर आधी पोट भरलंय म्हणतोस की नाही?”

“नाही. भूक असली तर बसतो.”

हे खरंच होतं. माझ्याच घरी कितीदा तरी बसलाय. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी त्याच्या बायकोने सूत्रं हाती घेतली. यिंगछुन चष्म्याच्या दुकानात काम करते, पण तिचा खरा जीव युए ऑपेरात, म्हणजे आमच्याकडच्या संगीत नाटकात. त्यात पुरुषांची कामंही बायकाच करतात आणि आमच्या कालव्याकाठच्या बागेतल्या मंडळात तरणाबांड विद्वान नायक नेहमी यिंगछुनच असते. आपला नवरा एवढंसं नाटक करू शकत नाही, याचा तिला बायको म्हणून राग होताच, नटी म्हणून जास्त होता. तिने त्याला रविवारी जेवणाच्या टेबलापुढे उभं केलं आणि तालीम सुरू केली. आधी आठ्या, मग एक-दोन शंका, मग लिहायला सुरुवात. आणि मध्येच एक चूक.

“चूक कशाला?” रुआनने विचारलं.

“नायक अडखळला की बघणारे त्याच्या बाजूचे होतात,” ती म्हणाली. “तू चुकायचंस, थांबायचंस, कपाळाला हात लावायचास आणि स्वतःच चूक पकडायचीस. मग बघ.”

चूक कुठली ते रुआननेच ठरवलं. पुढचा पत्ता टिपून ठेवायची ओळ गाळायची. नवशिके तीच गाळतात. मानलं पाहिजे, तालमीत त्याने चूक बरी केली. फक्त ते थांबणं त्याला जमेना, लगेच दुरुस्त करून मोकळा व्हायचा. यिंगछुन ओरडायची, “थांब. लोकांना काळजी वाटू दे.” घोकून घोकून तिने त्याला थांबायला शिकवलं. शिकवलं कसलं, पार गोठवून टाकलं.

पुढची मुलाखत बसच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होती. मुलाखत घ्यायला शेन नावाची पोरगी, वय फार तर सव्वीस-सत्तावीस, आवाज गोड. तिने तोच प्रश्न टाकला. रुआनने आठ्या घातल्या. शंका विचारल्या. लिहायला लागला, ती ओळ गाळली, थांबला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

ऑपेरात असं थांबलं की ढोलकीवाला ठोका देतो आणि नट पुढे सरकतो. इथे ठोका कोण देणार? मोजूनमापून थांबायला शिकलेला रुआन थांबूनच राहिला. शेनला काय दिसलं असेल? आपल्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा एक माणूस फळ्यापुढे डोकं धरून उभा आहे. तिला गलबलून आलं. ती खुर्चीवरून उठली आणि तिने त्याच्या हातातला मार्कर हळूच काढून घेतला.

“असू दे, रुआनदादा. बऱ्याच दिवसांत हात लागला नसेल. मी दाखवते.”

आणि तिने त्याला शिकवलं. डबे काढले, बाण काढले, पुढचा पत्ता आधी का टिपायचा ते पहिलीच्या बाईंसारखं समजावून सांगितलं. मग विचारलं, “आलं लक्षात?”

“हो,” रुआन म्हणाला. “आता आलं.”

हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुझी जीभ काय झडली होती? सांगायचं ना, की मला येतं म्हणून.

“काय सांगू? मुद्दाम चुकलो म्हणून सांगू?”

मी पुन्हा कपाळावर हात मारून घेतला.

आणि नोकरी लागली. होय, लागली. शेनने वर लिहून दिलं होतं की पाया कच्चा आहे, पण वयाचा ताठा नाही, शिकवलेलं ऐकून घेतो. हे तिने कौतुकाने त्यालाच वाचून दाखवलं. जागा खालची दिली, पोरासोरांच्या रांगेतली. यिंगछुनने त्या आनंदात आम्हाला मोठा मासा खाऊ घातला आणि सासऱ्यांनी वखारीतली जागा एका पुतण्याला देऊन टाकली.

तेव्हापासून शेन रुआनला शिकवते आहे. रोज सकाळी स्टूल ओढून शेजारी बसते आणि त्याला अक्कलदाढ यायच्या आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी समजावते. त्याने लिहिलेली ओळ न् ओळ तपासते. चिडावं तर ती इतकी चांगली, की चिडता येत नाही. तो मान डोलावतो. न डोलावून सांगतो कुणाला, त्याच मान डोलावण्यावर तर नोकरी लागली.

परवा त्यांच्या कार्यालयात गोंधळ उडाला. थांब्यांवरचे सगळे फलक एकच वेळ दाखवायला लागले. सगळी पोरं घाबरी झाली. रुआनने जेवणाच्या सुट्टीच्या आत दोष शोधून काढला आणि दुरुस्तही केला. हेच काम तर त्याला करायचं होतं. अडतिसाव्या वर्षीही आपण प्रोग्रॅमर आहोत हे कुणाला तरी दिसावं, यासाठीच तर तो वखारीला एवढा भ्यायला होता. शेन धावत आली, आनंदाने तिचे डोळे भरले होते, आणि तिने साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बघा, रुआनदादा किती लवकर शिकले.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुआनने उभं राहून मान लववली.

संध्याकाळी तो पार्सल न्यायला दुकानात आला आणि काउंटरला टेकून हे सगळं सांगत बसला. मला हसू आवरेना. तो काही हसला नाही.

“तिला आता खरं काय ते सांगितलं तर?” त्याने विचारलं.

“तर खोटारडा म्हणून काढून टाकतील,” मी म्हणालो.

“यिंगछुनही हेच म्हणाली,” तो म्हणाला आणि पार्सल काखेत मारून घरी गेला.