घाईचे कोसे

पावसाळ्यात आमच्याकडची मासोळ्या धरणारी ढिवरं ऐनाच्या झाडाईवर कोशाचे, म्हंजे टसर रेशमाचे, किडे चढवतात. किडे झाडावर असले का घरात मासोळी शिजत नाई, असा रिवाज. रंभाबाई म्हणे, "किड्यापायी ढिवराले भाजी खा लागते, याच्याहून मोठी शिक्षा कोनती?"

रंभाबाई गोंडपिपरीकडली, तलावाच्या पारीवर राह्यणारी. तिचं बियाणं सासूपासूनचं. दर पिकातले थोडे कोसे राखायचे, त्याईच्या पाकोळ्या अंडी देत, त्यातून पुढचे किडे. सारं गाव मोठ्ठाले कोसेच राखे. मोठा कोसा म्हणजे ताकदीचा किडा, असं सारेच धरून चालत. ती बी.

मंग एका साली माशी उतरली. ही माशी किड्याच्या अंगावर अंडं चिकटवते. अळी आत शिरते, तथी काळा डाग पडते. डागी किडा बी कोसा विणते, पण त्यातून माशीचीच अवलाद निघते. झाडं काळ्या डागाईनं भरली. सासूचं बियाणं आता टिकते का बुडते, रंभाबाईले हाच घोर.

तिनं एकेक कोसा कानाजवळ हलवून पाह्यला. आत जीव असला का जड वाजते. जड वाजले ते बहुतेक बारकेच. मोठा किडा पाला खात बसला अन् माशीले गवसला, बारक्यानं माशीच्या आंधीच घाईत विणून घेतलं. तिनं तेच राखले.

तिचा दीर धनराज हसला. "वैनी, हे कोसे हायेत का बोरं?"

"बोरं तं बोरं. जित्ते हायेत ना?"

"मी बाहेरून बियानं आनून राह्यलो. कोंबडीच्या अंड्याएवढे कोसे!"

"आन बाबू. माशीची बी दावत होऊ दे."

तिचे घाईचे कोसे निभले. माशी धनराजच्या झाडाईवर पोटभर जेवली. तिथले किडे सरले, तशी पुढच्या साली माशी बी कमी झाली. धनराजनं पुन्हा बियाणं आणलं, किडे वाढले, तशी माशी बी पुन्हा वाढली. अन् औंदा लवकरच आली. रंभाबाईच्या घाईच्या किड्याईवर बी डाग दिसले.

धनराजचं तं काहीच उरलं नाई. तो बियाणं मागाले आला. "वैनी, माशी घाई शिकली का वं?"

"शिकली गिकली नाई. उशिरा आल्या त्या उपाशी मेल्या. लवकरवाल्याईची पोरं हायेत ह्या."

"मंग आता?"

औंदा वाचलेल्यात बारके, मोठे, सारेच होते. काऊन वाचले, ते तिले बी सांगता येईना. तिनं सारे मिसळून दोन टोपल्या भरल्या, एक त्याच्याकडं सरकवली.

"तुही झाडं नाल्यापल्याड हायेत. माह्याकडचे माशीनं खाल्ले, तं तुह्याकडचे तरी राह्यतीन. तुह्याकडचे गेले तं माह्याकडं."

धनराजनं टोपलीत हात घालून पाह्यला. "मोठे जरा जास्त टाक ना."

"नेतं का ठेवू?"

त्यानं टोपली डोक्यावर घेतली अन् नाला उतरला.