कट्टी सरांकडे राहिलेला शब्द

दिवाळीच्या सुटीत मी दाजीबानपेठेत स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी कापड घेत होते. दुकानदार त्याच्या भावावर अडून बसला होता, मी माझ्या. आता पायरी उतरायचं सोंग केलं की तो खाली येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात शाळेच्या कारकुनाचा फोन आला. "बाई, कट्टी सर गेले... पहाटे, झोपेतच." मी खरोखरच पायऱ्या उतरले. मागून दुकानदार ओरडत होता, "अक्का, या की परत! तुमच्याच भावानं घ्या!" मी वळून पाहिलं नाही. मागितलेला भाव मिळत असताना माल सोडून आले, असं माझ्या आयुष्यात पूर्वी कधी घडलेलं नाही.

कट्टी सर आमच्या शाळेत गणित शिकवत. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर दोन वर्षं प्रभारी म्हणून शाळा त्यांनीच चालवली. कायमची नेमणूक त्यांचीच होणार असं सगळे धरून चालले होते. व्यवस्थापनानं जूनमध्ये मला आणलं, दुसऱ्या शाळेतून. माझे वडील रेल्वे वर्कशॉपात मजूर होते आणि आई कमरीपेठेतल्या रस्त्यावर भाजी विकायची. शाळा सुटली की मी तिच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधायची आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या घासाघिशीवर झालं. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही, मीही देत नाही. सरांनी मात्र मी रुजू व्हायच्या आधीच खोली रिकामी करून, टेबल पुसून, किल्ल्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. कटकट करायला जागाच ठेवली नव्हती. त्याचाही मला राग आला.

पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. बदली तास कुणी घ्यायचे यावर शिक्षक कुरकुरत होते. मी माझ्या पद्धतीनं सोडवत होते, तुम्ही दोन बदली तास घ्या, मी तुम्हाला शनिवारच्या कामातून मोकळं करते, वगैरे. जमतही आलं होतं. कट्टी सर हातातला पेला खाली ठेवून म्हणाले, "बाई, शाळा म्हणजे बाजार नव्हे." कुणीतरी चहात तोंड घालून हसलं. मी म्हटलं, "बाजारात निदान भाव तोंडावर सांगतात, सर." बैठक संपली, पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटून राहिलं. माझी आई बाजारात बसायची हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. माहीत नसेल तरी ते वाक्य मागे घ्यायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

मग फाटकाचं भांडण. घंटा झाली तरी पोरं रमतगमत येत. मी हुकूम काढला की घंटेबरोबर फाटक बंद. दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहते तर मोठं फाटक बंद, पण त्याच्या शेजारचं छोटं दार उघडं. दाराच्या कडीत सरांनी आपली मिटलेली छत्री अडकवलेली, म्हणजे शिपायाला ते लावताच येऊ नये. आणि स्वतः बाजूला उभे. मी तरातरा खाली गेले.

"सर, हे काय?"

"गावाकडची बस यायची आहे."

"मग पोरांनी आधीच्या बसनं यावं."

"आधीची बस जूनपासून बंद झालीय, बाई. ही एकच आहे, आणि ती घंटेनंतर येते. या पोरांनी उडत यावं का?"

तेवढ्यात बस आली. रस्त्यापलीकडे वीस-पंचवीस पोरं उतरली, निम्म्याहून जास्त मुली, आणि दप्तरं सांभाळत धावत सुटली. सर एकेकाला नावानं हाक मारून आत घेत होते. शाळेशेजारचं एक पोरगं त्यांच्यात घुसून येऊ पाहत होतं, त्याला कॉलर धरून बाजूला उभं केलं. "तू कधीपासून बसनं येतोस रे? तुझं घर तर त्या भिंतीपलीकडे!" मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी त्यांना खोलीत बोलावलं आणि सौदा मांडला. मी डेपोत जाऊन बस घंटेआधी आणून घेते. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर छोटं दार उघडं राहील, मी पुन्हा त्यावर बोलणार नाही. जमलं तर घंटेबरोबर दाराला कुलूप. आणि बाजाराचं ते वाक्य तुम्ही स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर मागे घ्यायचं.

सरांनी चष्मा पुसला. "बघू," म्हणाले.

"बघू नाही. हो म्हणा."

"हो. झालं?"

डेपोचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. दर वेळी खुर्ची देत, चहा मागवत आणि "नोडोणरी" म्हणजे कानडीतलं बघू या, असं म्हणून वाटेला लावत. शाळेत त्या सत्रात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. प्रवेश, चाचण्या, क्रीडास्पर्धा, दहावीच्या पालकांच्या तक्रारी. त्यातून वेळ काढून मी जायची आणि चडफडत परत यायची. एकदा मी टेबलावर हात आपटला, तेव्हा त्यांनी चहासुद्धा मागवला नाही. पुढच्या खेपेला कट्टी सर आपणहून बरोबर आले. आत एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही चिडलात की समोरच्याला कळतं तुम्हाला किती गरज आहे ते."

"हे बाजारातलं बोलणं झालं, सर."

ते समोरच्या बाकाकडे चालू लागले.

आम्ही डेपोच्या आवारातल्या बाकावर बसलो. समोरून संध्याकाळची एक बस जवळजवळ रिकामी सुटली. तिच्यामागून जी सुटली तिच्या दाराला माणसं लोंबत होती, त्यात आमची पोरं. मी तशीच उठून परत आत गेले. व्यवस्थापकांना म्हटलं, आमची पोरं संध्याकाळच्या गर्दीतून मी काढून घेते, शाळा लवकर सोडते, ती तुमच्या रिकाम्या बसनं जातील. बदल्यात सकाळची बस मला घंटेआधी द्या. पहिल्यांदाच ते "नोडोणरी" म्हणाले नाहीत. त्यांनी कागद ओढला.

शाळा लवकर सोडायची म्हणजे सगळं वेळापत्रक मोडून नव्यानं बसवायचं. ते काम सरांचं. त्यांनी कुरकुर केली, माझ्यावर डाफरले, चित्रकलेचा तास कापू देईनात, पण बसवलं. सुटी लागायच्या दिवशी डेपोतून फोन आला की सुटीनंतर पहिल्या दिवसापासून बस घंटेआधी येईल. मी धावतच फाटकाशी गेले. सर छत्री घेऊन निघाले होते.

"सर, बस मिळाली. आता तुमचं द्या."

"आधी ती फाटकाशी थांबू दे. मग बोलतो, सगळ्यांसमोर."

"शब्द?"

"दिला म्हटलं ना... किती ताणता हो, बाई!" ते हसले. ऊन स्वच्छ होतं. पाऊस नाही, उगाच घरी कशाला न्यायची म्हणून छत्री शिपायाकडे देऊन गेले. तेच शेवटचं.

चौदावं झाल्यावर मी विद्यानगरात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं चहा केला. म्हणाल्या, "तुमचं नाव रोज निघायचं घरात."

"काय म्हणायचे?"

"आज बाईंनी परत भांडण काढलं, म्हणायचे. जेवायला बसले की तुमचीच कहाणी." त्या हसल्या आणि मग रडल्या. त्या वाक्याबद्दल काही बोलले होते का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण नवरा गेलेल्या बाईला असलं काही विचारता येत नाही. मी चहा संपवून उठले.

दुसरं सत्र सुरू झालं त्या सकाळी मी मुद्दाम फाटकाशी उभी होते. बस घंटेच्या बऱ्याच आधी आली. मोठं फाटक सताड उघडं होतं. पोरं उतरली आणि सवयीनं धावतच सुटली, मोठं फाटक सोडून एकेक करून छोट्या दारातून आत शिरली. दारात कुणी नव्हतं, तरी आत पाऊल टाकताना मुली मान वाकवून "नमस्कार सर" पुटपुटत होत्या. शिपायानं मला न विचारता सरांची छत्री दाराच्या कडीत अडकवून ठेवली होती. त्या दिवशी मी त्याच्यावर बाकी सगळ्या गोष्टींसाठी ओरडले.

ठरल्याप्रमाणे आता घंटेबरोबर छोट्या दाराला कुलूप लागायला हवं. कुलूप आणलेलं आहे, माझ्या खणात पडून आहे. शिक्षक विचारतात, कधी लावायचं? मी त्यांना सांगते की व्यवहार दोन्ही बाजूंनी पुरा व्हायचा असतो. बस मी आणली. सरांकडून एक वाक्य यायचं राहिलं आहे. ते येईपर्यंत दार उघडं राहील.