अर्लिस कोगर आणि आडव्या रांगा

पेट्रोलचा डबा उघडला की तो आधी हुंगायचा. डब्यावर खडूने तारीख लिहायचा, आणि तारखेला महिना उलटला की ते पेट्रोल आपल्या जुन्या गाडीत ओतून टाकायचा. गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरला शिळं चालत नाही म्हणायचा. डबा भरताना तो गाडीच्या हौद्यात ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. यंत्र तापलेलं असेल तर टाकीचं झाकण उघडायचा नाही. ओंडक्यावर बसून सफरचंद खायचा आणि सफरचंद संपलं की यंत्र निवलं असं समजायचा. उतारावर जायचं असेल तर टाकी चार बोटं रिकामी ठेवायचा. नवा उतार दिसला की आधी त्यावर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवून बघायचा. चढला तर गवत कापायचा. नाही चढला तर टोपी सारखी करून खाली उतरायचा आणि म्हणायचा, "हा आपला नाही."

पिजन रन खोऱ्यात सपाट जमीन अशी नाहीच. घराचं अंगण म्हणजे डोंगराचा तुकडा. छोटा ट्रॅक्टर प्रत्येकाकडे आणि प्रत्येक वसंतात कोणी ना कोणी उलटतो. म्हणून एप्रिलच्या पहिल्या शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये अर्लिस सगळ्यांना चार गोष्टी सांगायचा. सत्तावीस वर्षं तेच शब्द.

"उभं चढायचं, उभं उतरायचं. आडवं जायचं नाही. ओल्या गवतावर जायचं नाही. उतारावर वळायचं तर सावकाश, वरच्या अंगाला. आणि माणूस उठला की यंत्र बंद करणारी आसनाखालची ती कळ कोणी तारेनं बांधून ठेवली असेल तर आत्ता हात वर करा, मी घरी येऊन सोडतो."

कोणीच हात वर करायचं नाही. पुढच्या आठवड्यात तीन-चार जण त्याला गुपचूप दुकानात गाठायचे.

दुकान डेन्झिलचं. त्याच्या पंपावर मक्याचं स्पिरिट मिसळलेलं पेट्रोल मिळायचं. अर्लिस ते घ्यायचा नाही. पावसाळी हवेत ते पाणी ओढतं, हिवाळाभर टाकीत राहिलं की नळ्या खातं, असं त्याचं म्हणणं. बिनमिसळीचं पेट्रोल आणायला तो बारा मैल जायचा. परतताना मात्र कॉफी प्यायला डेन्झिलकडेच थांबायचा.

"आला बघा," डेन्झिल म्हणायचा. "स्वतः दारूला शिवत नाही, ट्रॅक्टरलाही शिवू देत नाही. त्याचा बाप्तिस्मा केलास का रे?"

"दोनदा. पहिल्या वेळी पाणी थंड होतं."

"बायकोला कधी इतकं हुंगलं होतंस, जितकं त्या डब्याला हुंगतोस?"

"ती महिन्याहून शिळी कधी झालीच नाही."

बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो हे हसत सांगायचा.

वरची दफनभूमी त्याच्याकडे होती. कोणी नेमलं नव्हतं. आधी बाप कापायचा, मग तो कापू लागला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी खोरं सोडून गेलेली माणसंही परत येतात, आपापल्या मेलेल्यांना फुलं वाहतात आणि तिथेच झाडाखाली लांब टेबलं मांडून जेवतात. त्या रविवारी गवत घोट्याच्या वर दिसलं तर शरम साऱ्या खोऱ्याची.

पण ती जागा अवघड. आमच्याकडे मेलेल्यांचे पाय पूर्वेला करतात, शेवटच्या न्यायाच्या दिवशी उठायची वेळ येईल तेव्हा तोंड सूर्याकडे असावं म्हणून. तो डोंगरही पूर्वेलाच उतरतो. त्यामुळे थडग्यांच्या रांगा उताराला आडव्या पडल्या आहेत. दोन रांगांमधून जायचं तर आडवंच जावं लागतं. अर्लिस ट्रॅक्टर फक्त कडेच्या मोकळ्या पट्ट्यांवर चालवायचा, उभा. रांगांमध्ये ढकलायचं यंत्र घेऊन पायी जायचा. अकरा रांगा. दोन दिवस लागायचे.

यंदा तो एकाहत्तरचा होता. डावा गुडघा हिवाळ्यापासून वाकत नव्हता. मेमध्ये आठ दिवस पाऊस लागला आणि गवत मांडीपर्यंत आलं. अग्निशमन दलातली पोरं म्हणाली, "अर्लिसकाका, आम्ही येतो." तो म्हणाला, "तुम्ही येणार आणि दगडांना खरवडून ठेवणार."

मंगळवारी दुपारी ऊन पडलं. गवत वरून सुकलेलं दिसत होतं. तो ट्रॅक्टर घेऊन वर गेला. पेट्रोलसाठी परत खाली यायला नको म्हणून टाकी काठोकाठ भरली. कडेचे पट्टे कापून झाले. ढकलायचं यंत्र झाडाला टेकून उभं होतं. त्याने त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे पाहिलं. मग खाली रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

पहिल्या रांगेतून तो आडवा गेला. काही झालं नाही. दुसरीतून गेला. पाचवीपर्यंत गेला. सत्तावीस वर्षं आपण उगाच लोकांना भीती घातली की काय, असं त्याला वाटून गेलं. सहाव्या रांगेत खालच्या अंगाचं मागचं चाक एका खचलेल्या थडग्यावर आलं. गवत मुळाशी ओलंच होतं. ट्रॅक्टर सावकाश कलला, म्हातारं माणूस खुर्चीत कलतं तसा. अर्लिस वरच्या बाजूला पडला. बूड सुटताच आसनाखालच्या कळीनं यंत्र बंद केलं आणि पाती थांबली. ट्रॅक्टर एक कोलांटी खाऊन खालच्या रांगेतल्या एका छोट्या दगडावर आदळला. दगड मधोमध मोडला.

तो दगड आयव्हाचा होता. आयव्हा ही ओर्फा डॉड्रिलची धाकटी बहीण, सहा दिवस जगलेली. ओर्फामावशी आता अठ्ठ्याऐंशीच्या. तो दगड त्यांच्या बापाने नदीतून आणून स्वतः छिन्नीने कोरला होता. अक्षरं वाकडी होती.

अर्लिस किती वेळ बसून राहिला कोण जाणे. पेट्रोल झाकणातून गळत होतं, त्याचा वास येत होता. मग तो उठला. तरफ लावून, दोरी झाडाला बांधून त्याने ट्रॅक्टर एकट्याने सरळ केला. त्या गुडघ्यानं ते कसं केलं, कळत नाही. उरलेल्या रांगा त्याने अंधार पडेपर्यंत पायीच कापल्या. दगडाचे दोन तुकडे एकमेकांना टेकून ठेवले आणि घरी गेला.

बुधवारी दुकानात डेन्झिल म्हणाला, "वर आयव्हाचा दगड मोडलाय म्हणे. कशानं?"

अर्लिसच्या हातात कॉफी होती. खरं सांगायला एक घोट पुरला असता.

"गाय शिरली असेल," तो म्हणाला.

एवढंच. 'असेल' म्हणाला. त्या 'असेल'वर तो पुढे कितीतरी दिवस टेकून राहिला. पण खोऱ्यात गायी एकीच्याच होत्या, आणि त्या साऱ्यांना माहीत होत्या. दफनभूमीच्या शेजारच्या कुरणात व्हेस्टा हॅमरिकच्या तीन गायी चरायच्या. कुंपण जुनं होतं. मागच्या वर्षी एक गाय खरंच आत शिरली होती आणि तिने कोणाची तरी गुलाबं खाल्ली होती. संध्याकाळपर्यंत 'असेल' गळून पडलं.

शुक्रवारी व्हेस्टा ओर्फामावशींकडे गेली. कामाचे बूट दाराबाहेर काढून आत गेली, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि माफी मागितली. शनिवारी ती एकटीच कुंपणाचे खांब ठोकायला लागली. व्हेस्टाचा नवरा खाणीतल्या अपघातात मेला होता, पोरगा खोरं सोडून गेला होता. खांब ठोकताना तो धरायला दुसरं कोणी नव्हतं.

अर्लिसचं घर समोरच्या उतारावर. घणाचा आवाज त्याला दिवसभर ऐकू येई. आवाज आधी दिसायचा, मग ऐकू यायचा; घण पडलेला दिसे आणि क्षणभराने ठण् असं येई. त्याने ओसरीवर बसायचं सोडलं. मागच्या दारी बसू लागला. तिथेही ऐकू येई.

सोमवारी आयव्हाच्या थडग्यावरचं गवत पिवळं पडलं. बुधवारपर्यंत चादरीएवढा तुकडा जळून तपकिरी झाला.

"गाईनं दगड मोडला तो मोडला," डेन्झिल म्हणाला, "वर मुतूनही गेली!"

दुकानात सगळे हसले. अर्लिसही हसला. गाडीत बसून त्याने किल्ली लावली आणि मग दहा मिनिटं तसाच बसला. आपण हसलो, हे त्याला खोटं बोलण्यापेक्षा जड गेलं.

गुरुवारी सकाळी तो व्हेस्टाकडे गेला. ती तार ताणत होती.

"पकड धर ही," ती म्हणाली. "आलाच आहेस तर कामाला लाग."

त्याने पकड धरली.

"खालची तार अजून आवळू का? ती लाल गाय महा चावट आहे. देवानं तिला डोकं दिलंय ते फक्त कुंपणातून बाहेर काढायला."

"व्हेस्टा, गाय नव्हती."

"काय?"

"वर. गाय नव्हती. मी होतो. ट्रॅक्टर घेऊन आडवा गेलो."

तारेचा ताण सुटला नाही. तिने सोडला नाही. तिने खिळा ठोकला, वाकवला, मग पकड त्याच्या हातातून काढून घेतली.

"आडवा गेलास," ती म्हणाली. "तू?"

"हो."

"नवव्या वर्षी माझ्या पोराला तू ट्रॅक्टरवरून कान धरून खाली उतरवलं होतंस, आडवा गेला म्हणून."



"कुंपणाचं काही नाही. ते करायचंच होतं," ती म्हणाली. "पण मी ओर्फामावशींच्या पायाशी बसले, अर्लिस. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती माफी माझी नव्हती. ती परत आणून दे मला."

"कशी आणू?"

"जशी जाऊ दिलीस तशी. चारचौघांत."

रविवारी ऊन छान होतं. वर दीडशे माणसं जमली. पियोनीची फुलं, कागदी फुलं, कॉफीच्या डब्यांत लावलेली फुलं. टेबलांवर कोंबडी, घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी, फळं भरलेली आंबटगोड पाई. जेवणाआधी पाद्री दोन शब्द बोलतात आणि शेवटी दर वर्षी अर्लिसचं नाव घेतात. माणसं टाळ्या वाजवतात, अर्लिस टोपी काढून पुन्हा घालतो.

पाद्र्यांनी नाव घेतलं. टाळ्या झाल्या. अर्लिसने टोपी काढली, ती पुन्हा घातली नाही.

"आयव्हाचा दगड गाईनं नाही मोडला," तो म्हणाला. "मी मोडला. ट्रॅक्टर उलटला माझा. व्हेस्टाच्या गाईवर ढकललं."

पुढच्याच खुर्चीत बसलेल्या ओर्फामावशी शेजारणीकडे वळल्या. त्यांना कमी ऐकू येतं.

"काय म्हणतोय तो?"

 कोणीच सांगायला पुढे झालं नाही.

"अगं, काय म्हणतोय? अर्लिस, मोठ्यानं बोल की! तोंडात काय शेंगदाणे धरलेत का?"

तेव्हा त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. ओरडून.

"दगड मी मोडला, मावशी! आडवा गेलो! टाकी काठोकाठ भरली होती! गाय नव्हती! खोटं बोललो!"

समोरच्या डोंगरावरून शेवटचे दोन शब्द परत आले. एक लहान मूल हसलं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

ओर्फामावशी खुर्चीत पुढे वाकल्या.

"लागलं का रे तुला?" त्यांनी विचारलं.

 शिव्या खायची त्याने तयारी केली होती. त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. शेवटी त्याने नुसतीच हलवली. नाही.

"मग मला काय सांगत बसलायस? ती बघ तिकडे उभी आहे," मावशी म्हणाल्या.

व्हेस्टा टेबलापाशी पाई कापत होती. ती त्याच्याकडे वळली नाही. तो जवळ येऊन उभा राहिला तेव्हा तिने एक तुकडा ताटलीत घालून त्याच्या हातात दिला, जसा ती सगळ्यांनाच देत होती. त्यात माफी होती की नुसतीच पाई होती, त्याला कळलं नाही. लोक दूर सरकले नाहीत. डेन्झिलने थट्टाही केली नाही. डेन्झिल थट्टा करत नाही हेच त्याला सोसवेना. ताटली तशीच ठेवून तो पायी खाली आला.

मावशींनी नवा दगड नको म्हणून सांगितलं. दोन तुकडे आहेत तसे राहू देत, बापाच्या हातचे आहेत. पण जळलेल्या गवताचं काय, ते त्या बोलल्या नाहीत, आणि ते अर्लिसला माहीत होतं. पेट्रोल प्यालेल्या मातीत वर्षभर काही उगवत नाही. ती वीतभर खोल काढावी लागते, लांब नेऊन उन्हात पसरावी लागते, आणि नवी माती चाळून भरावी लागते.

सोमवारी त्याने माती काढली. फावड्याने नाही, हातखुरप्याने, वरवर, खाली धक्का लागू नये म्हणून. मंगळवारी ओढ्याकाठची काळी माती चाळली. ट्रॅक्टर घेतला नाही. दोन दोन बादल्या हातात घेऊन, तो गुडघा ओढत, चढ चढला. सहा खेपा केल्या असं रस्त्यावरून जाणारे सांगतात. पोरांनी थांबून विचारलं, तर म्हणाला, "हे माझं आहे."

बुधवारी तो सकाळी पुन्हा वर गेला होता. दुपारी आपल्या घराच्या ओसरीच्या पायरीवर सापडला, पायात बूट तसेच. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

त्याला सातव्या रांगेच्या टोकाला ठेवलं आहे, पाय पूर्वेला. आयव्हाचा चौकोन निम्मा भरलेला आहे. काठावर चाळलेल्या मातीच्या दोन बादल्या आहेत, आणि गवताच्या बियांची एक पिशवी, तोंड न उघडलेली.